कथानक, निवेदक, संघर्ष: कथेतल्या मूलभूत संज्ञा एकाच गोष्टीतून

“गोष्ट चांगली आहे, पण कुठेतरी अडकते.” कथा वाचायला दिली की हमखास मिळणारा हा अभिप्राय लिहिणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. अडकते म्हणजे कुठे? घटनांचा एकमेकींशी संबंध लागत नाही म्हणून? सांगणारा मध्येच बदलतो म्हणून? की पात्रं एकमेकांशी न बोलता वाचकाला माहिती पुरवत बसतात म्हणून? तिन्ही दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे. साहित्यातल्या संज्ञा माहीत असल्या की दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवता येतं.

व्याख्या पाठ करून हे जमत नाही. म्हणून एक छोटी गोष्ट हाताशी घेऊ आणि प्रत्येक संज्ञा तिच्यावरच घासून पाहू.

रात्री साडेअकराला एका कुलूपवाल्याला फोन येतो: किल्ली हरवली आहे, दार उघडून द्या. तो जातो. दाराशी चाळिशीची एक बाई उभी आहे. “हे कुलूप दोनदा फिरवावं लागतं,” ती सांगते. तो काम सुरू करतो, कुलूप एकाच फेऱ्यात उघडतं. पैसे घ्यायला तो आत पाऊल टाकतो आणि भिंतीवरचा फोटो त्याला दिसतो: एक पुरुष, एक लहान मुलगी. बाई फोटोत नाही. फोटोची एक कड सरळ कापलेली आहे, आणि मुलीच्या खांद्यावर एक हात तेवढा राहून गेला आहे.

कुलूपवाल्याला रघुनाथ म्हणू, बाईला अपर्णा. अकरा वर्षांपूर्वी ती याच घरातून बाहेर पडली होती.

कथावस्तू आणि कथानक

घडलं ते घडलं त्या क्रमाने मांडलं की कथावस्तू मिळते: लग्न, मुलगी, दुरावा, अपर्णाचं जाणं, नवऱ्याने फोटो कापणं, कुलूप बदलणं, अकरा वर्षं, घरात कोणी नाही अशी एक रात्र, फोन. हीच सामग्री वाचकासमोर ज्या क्रमाने आणि ज्या कारणांनी बांधून येते ते कथानक. आपलं कथानक फोनपासून सुरू होतं, आणि लग्न होतं हे जवळजवळ शेवटी कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रशियन समीक्षकांनी या दोहोंना ‘फाबुला’ आणि ‘स्यूझेत’ अशी वेगळी नावं दिली होती.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत भर दिला तो कारणावर. एकामागून एक घटना सांगितल्या की गोष्ट होते, एकीमुळे दुसरी घडली हे दिसलं की कथानक होतं. याची एक साधी चाचणी आहे. कथेतल्या प्रत्येक घटनेसाठी एकेक ओळ लिहा आणि दोन ओळींच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर सांधा पक्का आहे. सलग तीन-चार ठिकाणी ‘आणि मग’शिवाय काहीच बसत नसेल, तर वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवणार. आपल्या कथेत: फोन येतो, म्हणून रघुनाथ जातो. दार उघडतो, पण फोटोत बाई नसते. म्हणून तो दारातच थांबतो. इथून पुढे त्याला काहीतरी ठरवावं लागेल, आणि कथा तिथेच खरी सुरू होते.

ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात शोकांतिकेचा विचार करताना दोन गोष्टींना फार महत्त्व दिलं होतं: परिस्थिती उलटी फिरणं आणि अज्ञानातून ज्ञानाकडे जाणं, म्हणजे ओळख पटणं. दोन्ही एकाच क्षणी घडली तर परिणाम सर्वांत मोठा, असं त्याचं म्हणणं. कापलेला फोटो दिसतो तेव्हा हेच होतं. बाई कोण असेल हे कळू लागतं आणि त्याच क्षणी साधं काम गुन्हा ठरू शकतं. कलाटणी फसते ती बहुधा यामुळे, की माहिती उघड होते पण त्याने कोणाचंच काही बदलत नाही.

जर्मन लेखक गुस्टाफ फ्रायटाग यांनी १८६३ साली नाटकाची पाच टप्प्यांची बांधणी मांडली: परिचय, चढण, उत्कर्षबिंदू, उतरण आणि शेवट. ती पाच अंकी नाटकांवरून बेतलेली होती. आठ पानांच्या कथेला ती सक्तीने लावली की परिचयातच तीन पानं जातात, त्यामुळे लघुकथेत परिचय आणि चढण एकत्र करणंच बरं. भरताच्या नाट्यशास्त्रातले मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे पाच संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, जरा वेगळ्या दिशेने जातात. तिथे सगळी बांधणी फळाभोवती आहे: नायकाला हवं ते मिळण्याची आशा कधी निर्माण होते, कधी डळमळते, कधी पक्की होते. ज्या कथेत कोणी खलनायक नाही, तिथे हा विचार पाश्चात्त्य आराखड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि आपल्याकडे नव्याने लिहिणारे त्याच्याकडे फारसे वळत नाहीत याची खंत वाटते.

संघर्ष, आणि त्यामागचं माणूस

संघर्ष म्हणजे भांडण नव्हे. दोन पात्रं पानभर एकमेकांवर ओरडली तरी संघर्ष नसू शकतो. तीन गोष्टी लागतात: पात्राला काहीतरी नेमकं हवं असणं, त्याच्या वाटेत अडथळा असणं, आणि माघार घेतली तर काहीतरी गमवावं लागणं. तिसरी गोष्ट नवोदितांच्या कथांत बहुतेक वेळा गायब असते. रघुनाथ “मला काय त्याचं” म्हणून निघून जाऊ शकत असेल, तर कथा संपली. पण उद्या पोलीस आले तर दार त्याने उघडलेलं असेल, आणि बाईला अडवलं तर एका आईला तिच्या मुलीच्या घरातून त्याने हुसकावलेलं असेल. आता त्याला कुठल्याही बाजूने फुकट सुटता येत नाही.

हा संघर्ष बाहेरचा आहे की आतला, असं परीक्षेत विचारतात. चांगल्या कथेत बाहेरच्याला आतला चिकटलेलाच असतो.

पात्रांविषयी फॉर्स्टर यांचा सपाट आणि गोलाकार हा भेद प्रसिद्ध आहे. सपाट पात्र एका गुणावर उभं असतं, तर गोलाकार पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं. सपाट पात्र म्हणजे वाईट पात्र असा समज मात्र चुकीचा आहे. जिन्यात भेटून “एवढ्या रात्री कोण?” विचारणाऱ्या शेजाऱ्याला बालपण देत बसलात तर कथेचा तोल जाईल.

पात्रचित्रणात सर्वांत जास्त नुकसान विशेषणं करतात. ‘रघुनाथ प्रामाणिक आणि कामात हुशार होता’ हे वाचकाला पटत नाही, कारण ते त्याने पाहिलेलं नसतं. त्याऐवजी त्याचे हात दाखवा. वाकवलेल्या पट्टीने तो कुलपावर हलका ताण ठेवतो, तारेने आतली एकेक पिन वर ढकलतो, डोळे मिटून टिचकीचा आवाज ऐकतो. दोन फेऱ्यांच्या कुलपात पहिल्या फेऱ्यानंतर पिना पुन्हा अडकू शकतात आणि सगळं परत करावं लागतं, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो दुसऱ्या फेऱ्याच्या तयारीत असतो आणि कुलूप सुटतं तेव्हा त्याचा हात क्षणभर अधांतरी राहतो. या तीन वाक्यांत हुशारी आली, आणि संशयाची पहिली ठिणगीही पडली.

निवेदक: सगळं इथे ठरतं

निवेदक म्हणजे लेखक नव्हे. निवेदक हा लेखकाने कथेसाठी घडवलेला आवाज आहे. त्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि तो कुठे उभा आहे, यावर कथेतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अवलंबून असतं. एकच क्षण चार प्रकारे लिहून पाहू.

प्रथमपुरुषी: “कुलूप एकाच फेऱ्यात उघडलं. बाई तर दोन म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, असतं असं. लोकांना स्वतःच्या दाराचीही धड माहिती नसते.”

तृतीयपुरुषी मर्यादित, म्हणजे ‘तो’ असं लिहायचं पण एकाच पात्राच्या मनात राहायचं: “कुलूप एकाच फेऱ्यात उघडलं. रघुनाथने वळून पाहिलं. दोन म्हणाल्या होत्या ना या? पण घाईत माणूस काहीही बोलतो.”

सर्वज्ञ: “कुलूप एकाच फेऱ्यात उघडलं. रघुनाथला थोडं नवल वाटलं, एवढंच. अपर्णाच्या मात्र छातीत धस्स झालं. कुलूपसुद्धा बदललं होतं.”

वस्तुनिष्ठ, फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच: “कुलूप एकाच फेऱ्यात उघडलं. बाईने कुलपाकडे पाहिलं, मग जिन्याकडे. ‘किती झाले?’ तिने विचारलं.”

घटना तीच, पण कथा चार झाल्या. पहिलीत रघुनाथचा स्वभाव कळतो. तिसरीत वाचक अपर्णाच्या बाजूला जातो आणि फोटोचा धक्का तिथेच संपतो. चौथीत वाचकालाच गुप्तहेर व्हावं लागतं. दुसऱ्या नमुन्यातली शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचा. ‘असं त्याला वाटलं’ असं कुठेही म्हटलेलं नाही, अवतरणचिन्हंही नाहीत, तरी तो विचार रघुनाथचा आहे हे कळतं. पात्राचा विचार निवेदकाच्या वाक्यात असा विरघळवता आला की जवळीक कितीतरी वाढते. ‘त्याने पाहिलं की’, ‘त्याला जाणवलं की’, ‘त्याच्या लक्षात आलं की’ ही शेपटं छाटली तर अर्धं काम झालंच.

मर्यादित निवेदनात एक चूक वारंवार होते, ती म्हणजे नकळत दुसऱ्याच्या मनात शिरणं. ‘रघुनाथ हत्यारं भरू लागला. अपर्णाला त्याची कीव आली.’ ही कीव कोणाला कळली? रघुनाथला कळणं शक्य नाही, आणि कथा तर त्याच्या मनातून चालली आहे. बाहेरून दिसणारा पुरावा दिला की दुरुस्ती होते: अपर्णाने पिशवीचं तोंड त्याच्यासाठी धरून ठेवलं. दुसरी चूक आणखी बारीक: ‘रघुनाथचा चेहरा पांढराफटक पडला.’ आपला चेहरा त्याला दिसत नाही. त्याचे हात गार पडू शकतात, घसा कोरडा पडू शकतो. तपासणीसाठी एक दृश्य घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या समासात लिहा, हे कोणाला कळलं. दोन नावं आली की सांधा कुठे निसटला ते समोर दिसतं. जाणूनबुजून दोन मनांत फिरायचं असेल तर जरूर फिरा, पण बदल दृश्य बदलताना करा आणि पहिल्याच ओळीत सांगून टाका.

अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली रूढ केली. निवेदक जे सांगतो त्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, आणि हे वाचकाला कथेतूनच उमगतं. हे साधायला निवेदकाच्या तोंडून खोटं वदवणं पुरत नाही, त्याच्या म्हणण्याला छेद देणारा पुरावा त्याच्याच निवेदनात पेरावा लागतो. ही कथा अपर्णा ‘मी’ म्हणून सांगत असेल, ‘माझं घर’ असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, आणि अंधारात दिव्याचं बटण शोधताना तिचा हात जिथे जातो तिथे आता नुसती झाकणपट्टी असेल, तर वाचक आपोआप सावध होतो.

फसवणूक मात्र वेगळी. अपर्णाच्या मनात राहून दहा पानं काढायची, तिला मुलीची आठवणही येऊ द्यायची नाही, आणि शेवटी “ती त्या मुलीची आई होती” असं जाहीर करायचं, याला वाचक चिडतो. त्याचं चिडणं रास्त आहे. ज्या पात्राला रहस्य माहीत आहे त्याच्या मनात राहून ते लपवता येत नाही. म्हणून निवेदनासाठी ज्याला काहीच माहीत नाही असं पात्र निवडतात, आणि रघुनाथ इथे त्यासाठीच आहे.

कथेतला काळ

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ साली कथनातल्या काळाची फार उपयुक्त फोड केली. घटना किती वेळ चालते आणि तिला किती मजकूर दिला आहे, यांची तुलना करायची. अकरा वर्षं एका वाक्यात उरकली तर तो सारांश. अजिबातच गाळली तर लोप. संवाद जवळजवळ घडला तेवढ्याच वेळात वाचून होत असेल तर दृश्य. आणि घटना थांबवून फोटोचं वर्णन चालू असेल तर विराम. कथा रेंगाळते अशी तक्रार आली, तर पानांच्या कडेला ही चार नावं लिहून पाहा. रघुनाथचा दारापर्यंतचा प्रवास दृश्यरूपाने दीड पान आणि फोटो दिसण्याचा क्षण दोन ओळींत, असा उलटा हिशेब झाल्याचं बऱ्याचदा तिथेच सापडतं.

पूर्वदीप्ती, म्हणजे फ्लॅशबॅक, मराठीत काळाच्या रूपांवर चालते. आत शिरताना पहिली एक-दोन वाक्यं ‘गेली होती’, ‘ठेवला होता’ अशी घ्या, मग साध्या भूतकाळात या: ‘ती उठली, दिवा घालवला.’ प्रत्येक वाक्याला ‘होता-होती’ लावत बसलं की मजकूर जड होतो. बाहेर येताना वर्तमान प्रसंगातली एखादी ठोस गोष्ट धरा: कुलूप, जिना, रघुनाथचा आवाज. आत जाण्यासाठीही असंच निमित्त हवं. चालू प्रसंगात वाचक गुंतण्याआधीच, पहिल्या पानावर, पूर्वदीप्ती आली तर ती जवळपास नेहमी कथा मारते.

पूर्वसूचन म्हणजे पुढे घडणाऱ्याची आधी टाकलेली खूण. “हे कुलूप दोनदा फिरवावं लागतं” हे आपलं पूर्वसूचन आहे. ते चालतं, कारण त्या क्षणी त्या वाक्याला दुसरं साधं कारण आहे: मदत करू पाहणारी, गडबडलेली बाई. खुणेला असा आडोसा नसेल तर वाचक तिथेच ओळखतो. याची दुसरी बाजू रशियन लेखक चेखवने १८८९ सालच्या एका पत्रात मांडली होती: झाडण्याचा विचारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये.

वाचकाला पात्रापेक्षा कमी माहीत असेल तर कुतूहल वाढतं, जास्त माहीत असेल तर ताण वाढतो. या दुसऱ्या स्थितीला नाट्यात्म उपरोध म्हणतात. अपर्णा कोण आहे हे पहिल्या परिच्छेदात सांगून टाकलं, तर फोटोचा धक्का जाईल, पण रघुनाथ त्या भिंतीकडे टाकत असलेलं प्रत्येक पाऊल जड होईल. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. एकाच कथेत दोन्ही हव्यात असा हट्ट धरला की दोन्ही हातून जातात.

संवाद आणि स्थळ

“तुला माहीतच आहे, आपल्या लग्नाला पंधरा वर्षं झाली.” दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगितली की संवाद मेला. माहिती द्यायचीच असेल तर ज्याला ती नाही अशा पात्राला प्रश्न विचारू द्या, किंवा ती सरळ निवेदनात टाका. संवादाखाली न बोललेलं काहीतरी वाहत असलं पाहिजे. अपर्णा “किती झाले?” विचारते तेव्हा तिला म्हणायचं असतं, आता जा.

मराठीत लेखकाच्या हाती एक मोठी सोय आहे, ती म्हणजे संबोधनं. रघुनाथ आधी “ताई, जरा बॅटरी धरता का?” म्हणतो. फोटो पाहिल्यावर तो म्हणतो, “बाई, तुम्ही इथे राहता?” ताईची बाई झाली, आणि त्याच्या मनातला बदल एकाही विशेषणाशिवाय कळला. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं, नाव घेणं टाळणं, मध्येच ‘आपण’ वापरणं, ही सगळी नात्याची मापं आहेत. कथेच्या सुरुवातीला कोण कोणाला काय म्हणतं याची यादी करून ठेवा. नकळत झालेला बदल वाचकाला लगेच खटकतो.

स्थळाने कथेत काम केलं पाहिजे. जिन्यातला दिवा दर मिनिटाने आपोआप बंद होत असेल, तर रघुनाथला स्पर्शाने काम करावं लागेल आणि बाईचा चेहरा त्याला नीट दिसणार नाही. एवढं स्थळवर्णन पुरे. बाकी गेलं तरी चालेल.

प्रतीक आणि आशयसूत्र

मुलीच्या खांद्यावर राहिलेला हात आधी एक वस्तू आहे: कापताना तो वगळता आला नाही, कारण वगळायचा तर मुलीचा खांदाही गेला असता. वस्तू म्हणून तो खरा आहे, म्हणूनच प्रतीक म्हणून तो चालतो. ‘जणू आईची माया कापूनही कापली गेली नव्हती’ असं वाक्य लेखकाने पुढे जोडलं की ते प्रतीक तिथेच विझतं.

विषय आणि आशयसूत्र यांचा घोळ फार होतो. विषय एका शब्दात सांगता येतो: दुरावा. आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं, ज्याच्याशी कोणी असहमतही होऊ शकेल: ‘घरावरचा हक्क कागदाने ठरतो, पण घराची सवय कागद मोडू शकत नाही.’ हे वाक्य कथेत कुठेही, कोणाच्याही तोंडी येता कामा नये. पहिला मसुदा झाल्यावर ते वेगळ्या कागदावर लिहा आणि शेवटचा प्रसंग त्याला दुजोरा देतो, विरोध करतो की त्याच्याशी संबंधच ठेवत नाही ते तपासा. संबंधच नसेल तर शेवट बदला किंवा ते वाक्य तरी बदला. बऱ्याचदा वाक्यच चुकलेलं असतं आणि कथा त्याच्यापेक्षा शहाणी निघते.

मसुदा सुधारताना हे सगळं एकदम पाहू नका. आधी निवेदक पक्का करा, मग घटनांचे ‘म्हणून’ आणि ‘पण’ तपासा, मग पात्राला काय गमवावं लागणार आहे ते, त्यानंतर काळाचा हिशेब आणि संवाद. वाक्यं घासूनपुसून घेण्याचं काम अगदी शेवटी ठेवा, कारण निवेदक बदलला तर त्यांतली निम्मी वाक्यं तशीही नव्याने लिहावी लागतात.